नदीकाठचे प्रश्न: होडी, लाट आणि ढासळणारा काठ

नदीवरचा नौकाविहार आणि काठाची धूप या विषयावर गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कृष्णा, दूधगंगा आणि मलप्रभा या तिन्ही काठांवरून पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं नदी अभियांत्रिकी आणि होड्यांची बांधणी-तपासणी या कामांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

बंदी की परवानगी?

*मलप्रभेच्या घाटाजवळ बंधाऱ्याला फळ्या घातल्या की पाणी साठतं. तिथे उन्हाळी सुट्टीत मोटरबोटी सुरू कराव्यात, अशी चर्चा आहे. काठावरचे लोक म्हणतात, काठ आधीच ढासळतोय, बोटी आल्या तर नदी दारात येईल. तरुणांना रोजगार दिसतोय. बंदी घालावी की परवानगी द्यावी? परवानगी दिली तर नियम कोणते असावेत?*
— एक वाचक, खानापूर

बंदी की परवानगी यावर आधी बसलात तर सगळं वर्ष भांडणात जाईल. होडी काठाचं नेमकं काय बिघडवते ते आधी पाहू, म्हणजे निम्मे नियम आपोआप सुचतील.

मोकळ्या वाहत्या नदीची पातळी सारखी वरखाली होते, त्यामुळे लाटांचा मार काठाच्या बऱ्याच उंचीवर विभागला जातो. बंधाऱ्यात अडवलेलं पाणी मात्र आठवडेच्या आठवडे एकाच रेषेवर उभं असतं. होडीची प्रत्येक लाट त्याच वीतभर पट्ट्यावर आदळते. तिथली माती सुटते, पाण्याच्या रेषेला आडवी खाच पडते आणि वरचा काठ अधांतरी राहतो. वर गवत हिरवंगार असल्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्याआधी फळ्या निघाल्या, पाणी उतरलं की तो अधांतरी भाग गवतासकट खाली बसतो आणि खापर पावसावर फुटतं.

लाटेचा जोर तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० सेंमी लाटेच्या मानाने ३० सेंमी लाटेत नऊपट ऊर्जा असते. म्हणजे दिवसभर संथ फिरणाऱ्या नऊ होड्या आणि एक भरधाव होडी यांचा हिशेब जवळपास सारखा. म्हणून होड्या किती, यापेक्षा त्या कशा चालतात हे आधी बघायचं. वल्ह्याच्या आणि पायडलच्या होड्यांना काठाचं कारण सांगून अडवण्यात काहीच अर्थ नाही. त्यांची लाट वाऱ्याच्या लाटेइतकीही नसते.

मोटरबोट तीन तऱ्हांनी चालते. संथ असते तेव्हा पाणी कापत जाते, लाट लहान. वेग वाढवला की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उठते, मागचा भाग खाली दबतो आणि मागे खड्डा पडून मोठी लाट निघते. आणखी वेग दिला की होडी पाण्यावर चढून घसरत जाते, तेव्हा लाट पुन्हा थोडी कमी होते. काठाला सर्वांत जास्त मारते ती ही मधली अवस्था. सहलीच्या भरलेल्या बोटी नेमक्या तिथेच अडकतात, कारण माणसं भरल्यावर इंजिनात वर चढण्याइतका दम उरत नाही आणि चालकाला हळू जायचं नसतं.

उथळ पाण्यात हे आणखी बिघडतं. पाण्याच्या प्रत्येक खोलीला लाटेचा एक कमाल वेग असतो. १ मीटर खोलीला तो ताशी सुमारे ११ किमी, २ मीटरला १६ आणि ३ मीटरला साडेएकोणीस. होडीचा वेग या आकड्याजवळ गेला की लाट अचानक फुगते. या आकड्याच्या निम्म्यापर्यंत राहिलात तर त्रास फारसा नाही. उन्हाळ्यात दीड मीटर पाणी असेल तर निम्मा वेग येतो ताशी ७ किमीच्या आत. आम्ही ६ ची मर्यादा सुचवतो ती याच हिशेबाने.

'काठापासून अमुक मीटर लांब राहा' हा नियम सगळ्यांना आवडतो, पण एकट्याने तो फारसा कामाचा नाही. अंतर दुप्पट केलं तरी होडीच्या लाटेची उंची साधारण पाचव्या हिश्शानेच घटते. पात्र साठ मीटरहून अरुंद असेल तर मध्ये वेगाने जायला जागाच उरत नाही, तो सगळा पट्टा संथच धरायचा.

तेव्हा पट्टण पंचायतीपुढे ठेवायचा मसुदा असा असावा. बंधाऱ्याच्या वर आणि खाली किमान १०० मीटर होडी न्यायची नाही. फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याच्या, सगळ्या पट्ट्यात मोटरबोटीला ताशी ६ किमी. एका जागी गोल गोल फिरवणं, फुगे किंवा केळ्याच्या आकाराची बोट ओढणं आणि जेट-स्की पूर्ण बंद. गोल फिरवलं की लाटा एकमेकींवर चढतात. घाटाच्या उभ्या दगडी भिंतीवरून त्या परत फिरतात आणि समोरच्या मातीच्या काठाला दुहेरी मार बसतो. फळ्या काढायला सुरुवात झाल्यापासून पुन्हा घालेपर्यंत फेऱ्या बंद. काठ उभा आणि उघडा आहे तिथे धक्का नको. धक्का घाटाला किंवा दगडी भागालाच असावा, आणि तिथेही इंजिन जोरात मागे फिरवायचं नाही, कारण पंख्याच्या झोताने पायरीखालची वाळू निघून पायऱ्या पोकळ होतात.

हद्द दाखवायला २०० लिटरची निळी प्लास्टिक पिंपं पुरतात. वरचा भाग नारिंगी रंगवा, झाकण पक्कं बंद करा आणि ४०-५० किलोच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधून सोडा. दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ठेवा. आखूड ठेवलात तर पाणी चढलं की पिंप ठोकळा उचलून वाहून जातं. खुणा नसलेल्या हद्दीचा नियम कागदावरच राहतो, त्यामुळे पिंपांचा खर्च आधी मंजूर करून घ्या, परवाने नंतर. दंडापेक्षा फेऱ्यांचा परवाना आठवड्यासाठी थांबवणं जास्त लागू पडतं. दंड तिकिटातून वसूल होतो, शनिवार-रविवार बुडाला तर तो भरून निघत नाही.

होडीच नाही, तरी मळी गेली

*दूधगंगेच्या काठी आमची मळीची (गाळाची) जमीन आहे. आमच्या भागात मोटरबोट चालत नाही. तरीही दरवर्षी काठाचा तुकडा जातो, आणि तोही पूर चढताना नाही, उतरताना. असं का?*
— एक शेतकरी, सदलगा

पूर असताना काठात पाणी मुरतं, माती फुगून जड होते. नदीचं पाणी बाहेरून टेकू देत असतं म्हणून ती उभी राहते. पातळी झपाट्याने उतरली की टेकू जातो, पण आतलं पाणी चिकणमातीतून तितक्या लवकर बाहेर पडत नाही. ते आतून दाब देतं आणि काठ कमानीसारखी भेग पडून सरकतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा-दूधगंगेच्या काठावर अशा भेगा अनेकांनी पाहिल्या असतील. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा खोल जातात, पहिला वळीव त्यांतून थेट आत उतरतो, म्हणून जूनमध्येही हेच घडतं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) एका दिवसात काढले तरी तोच प्रकार होतो, लहान प्रमाणात. बरगे थरा-थराने, चार-सहा दिवसांत काढावेत, असा लेखी अर्ज पाटबंधारे कार्यालयाकडे मे महिन्याच्या सुरुवातीलाच द्या. पुढे ढकलून चालत नाही. नदीला पाणी आलं आणि बरगे तसेच राहिले तर ओंडके अडकून पाणी बंधाऱ्याच्या बाजूने फुटतं, मग काठाचा तुकडा जात नाही, अख्खं शेत जातं.

तुमच्या हातात आहे ते असं. काठापासून किमान ५ मीटर ऊस लावू नका, त्या पट्ट्यात पाट काढू नका. काठाच्या कडेने सरीतून पाणी देत राहणं म्हणजे पूर नसताना पूर मुरवणं आहे. शेताचं जादा पाणी काठावरून मोकळं सोडू नका, पाइपने थेट नदीच्या पातळीपर्यंत उतरवा. मोटरीच्या पाइपसाठी काठात खणलेला चर भरताना माती थरा-थराने धुमसून भरा. भुसभुशीत चर ही नदीला आयती वाट असते, आणि बऱ्याच ठिकाणी काठ तिथूनच फुटायला लागतो.

काठ कशाने गेला हे बऱ्याचदा बघूनच कळतं. पाण्याच्या रेषेला दोन्ही काठांवर सारख्या उंचीची लांबलचक खाच असेल तर लाटांचं काम. वर कमानीची भेग आणि खाली सरकलेला अख्खा गठ्ठा असेल तर उतरत्या पाण्याचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच, पाण्याखालून पोखरलेलं असेल तर प्रवाहाचं. काठाच्या मध्यावर वाळूचा थर आणि त्यातून पाझर असेल तर वाळू आतून वाहून वरचा थर बसतोय. आणि जवळपास वाळूचा उपसा झाला असेल तर बाकी काही शोधत बसू नका. तळ खोल गेला की काठाची उंची वाढते, पायथ्याचा आधार जातो आणि तो काठ उभा राहत नाही. होडीवाल्यांना दोष देणाऱ्या गावांनी आधी हा उपसा थांबवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दहा जणांची होडी घ्यायची आहे

*कृष्णेवर बंधाऱ्याच्या फुगवट्यात फेऱ्या मारण्यासाठी दहा आसनी होडी घेण्याचा विचार आहे. विक्रेता ४० एचपीचं इंजिन घ्या म्हणतो. कागदपत्रं काय लागतील?*
— एक वाचक, उगार खुर्द

४० एचपीची गरज नाही. सहा-साडेसहा मीटर लांबीची होडी, चालकासह अकरा माणसं आणि इंजिन मिळून वजन साधारण सव्वा टन. ताशी ७-८ किमीला खरं तर ३-४ एचपी पुरतात. उलट्या प्रवाहासाठी आणि वाऱ्यासाठी राखीव धरून ८ ते १० एचपी घ्या. मोठं इंजिन घेतलं की ते वापरण्याचा मोह होतो, आणि वर सांगितलेल्या मधल्या अवस्थेत होडी दिवसभर काठ झोडपत राहते. इंधनही वाया जातं आणि गावही विरोधात जातं. फेरी अर्ध्या तासाची असेल तर बॅटरीच्या मोटरीचा विचार करा. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत ४.८ युनिट वीज मावते. त्यातली ८० टक्के वापरली आणि मोटर २ किलोवॅट खात असेल तर जेमतेम दोन तास मिळतात. म्हणजे दिवसभरासाठी दुसरा संच चार्जिंगला हवाच. जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचं इंजिन) टाळा. त्यातलं बरंच इंधन न जळताच पाण्यात जातं आणि याच पाण्यावर खालच्या गावांच्या पाणीयोजना आहेत.

होडीचा आकार लांब आणि अरुंद असावा. आखूड, रुंद, सपाट बुडाची होडी स्थिर वाटते, पण लाट मोठी काढते. दोन नळ्यांवर तरंगणारी, म्हणजे पाँटून पद्धतीची होडी त्याच वजनाला लाट कमी काढते आणि सहज कलतही नाही. वयस्क प्रवाशांसाठी तीच बरी. आसनं मध्यावर बसवा. सगळी माणसं मागे बसली की नाळ उठते आणि संथ वेगालाही लाट मोठी निघते.

कागदपत्रांचं असं आहे. यांत्रिक होडीला १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू आहे. त्यानुसार तपासणीचा दाखला, नोंदणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा हे चारही हवेत. तपासणी आधी, नोंदणी नंतर. म्हणून बांधणीच्या वेळचे आराखडे आणि इंजिनाची पावती विक्रेत्याकडून पैसे देण्याआधीच घ्या. आराखडे नसलेली होडी स्वस्त मिळते आणि नंतर वर्षभर शेतात उलटी पडून राहते. अर्ज राज्याच्या बंदरे व अंतर्देशीय जलवाहतूक यंत्रणेकडे जातो. काठावरून फेऱ्या मारण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, जागेसाठी महसूल खात्याची आणि फुगवट्यासाठी पाटबंधारे खात्याची संमती वेगळी लागते. पीडीओकडे (कर्नाटकातल्या पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) ठराव मागताना अर्ज कन्नडमध्ये द्या आणि मराठी प्रत जोडा. नाहीतर भाषांतरासाठी कागद टेबलावरच राहतो.

लाइफ जॅकेट घेताना किमान १०० न्यूटनचं (हे पाण्यावर उचलून धरण्याच्या जोराचं माप) घ्या. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यांसाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर धरत नाही. लहान मुलांसाठी वजनाप्रमाणे वेगळी आणि दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचीच हवीत, नाहीतर मूल खाली निसटतं आणि जॅकेट तरंगत राहतं. भरलेल्या होडीच्या बाजूला पाण्याची रेषा मारून ठेवा, ती बुडाली की माणूस उतरवायचा. दर वर्षी जॅकेट पाण्यात टाकून, वर वजन ठेवून तपासा. उन्हात पडलेल्या जॅकेटचा फोम बाहेरून धड दिसतो आणि आतून बसलेला असतो.

वेग मोजायचा कसा?

*आमच्या इथे मर्यादा ठरली आहे, पण मोजणार कोण?*
— एक वाचक, खानापूर

काठावर १०० मीटर अंतराने दोन खांब रोवा आणि मोबाइलमधलं घड्याळ लावा. ताशी ६ किमी म्हणजे १०० मीटरला ६० सेकंद, ८ किमी म्हणजे ४५ सेकंद. त्याहून लवकर पार झाली तर वेग जास्त. प्रवाह असेल तर येताना आणि जाताना दोन्ही मोजून सरासरी काढा. शंका घेणाऱ्यांसाठी व्हिडिओ ठेवा, त्यात दोन्ही खांब दिसले पाहिजेत.

काठ किती गेला हेही मोजा. १० मिमीची, ७५ सेंमी लांब सळई काठात आडवी ठोकायची, ५ सेंमी बाहेर ठेवायची. पाण्याच्या रेषेवर एक, तिच्या वर फूटभर दुसरी, असा जोड दर २० मीटरला. महिन्याला एकदा बाहेर आलेली लांबी वहीत लिहायची. फक्त खालची सळई उघडी पडत असेल तर लाटांचा दोष, दोन्ही सारख्या उघड्या पडत असतील तर पाऊस-पाझराचा. बाहेर राहिलेल्या टोकाला रंग लावू नका, भंगारवाल्याला लांबूनच दिसतं. मोजणी होड्या सुरू होण्याआधी निदान एक हंगाम झाली पाहिजे. आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांवरून दोन्ही बाजू आपापलं खरं करतात.

दगड की झाडं?

*घाटाच्या पुढे काठाला दगडी पिचिंग करावं, असा प्रस्ताव आहे. खर्च मोठा आहे. झाडं लावून भागेल का?*
— एक वाचक, कुडची

जागा पाहून ठरवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पुराचा प्रवाह थेट धडकतो, तिथे दगडच. सरळ भागात, जिथे तक्रार मुख्यतः लाटांची आहे, तिथे झाडं-गवत पुरतं आणि टिकतंही जास्त.

पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर रचलेलं दगडी अस्तर, फसतं ते तीन ठिकाणी. दगडाखाली गाळणीचा थर नसतो. माती दगडांच्या फटींतून वाहून जाते आणि वरून ठीक दिसणारी भिंत दोन पावसाळ्यांत पोकळ होते. आधी काठाला दीडास एक किंवा दोनास एक (आडवं अंतर : उंची) असा उतार द्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड किंवा खडी-मुरुमाचा १५-२० सेंमीचा थर, मग दगड. दुसरं, पायथा. नदी तळ जितका खरवडेल त्याच्या दीडपट रुंदीचा दगडाचा पट्टा पायथ्याशी पुढे पसरून ठेवायचा, म्हणजे तळ गेला की तो दगड आपणहून खाली बसतो. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी इथेच. तिसरं, दोन्ही टोकं काठात तीन-चार मीटर आत वळवून घ्यायची. नाहीतर पाणी टोकामागे शिरतं आणि पिचिंग पात्रात सुटं उभं राहतं, काठ मागे गेलेला असतो.

झाडांमध्ये पाण्याच्या रेषेशी लव्हाळा आणि पाणकणीस, पुराच्या पाण्यात वाकून पुन्हा उभी राहणारी शेरणी, त्यामागे वाळुंज, वर करंज, अर्जुन, जांभूळ. वाळुंजाच्या ओल्या फांद्या जूनमध्ये खोचल्या तरी फुटतात. मधल्या उतारावर वाळा: दोन ठोंबांमध्ये १० ते १५ सेंमी, दोन ओळींमध्ये एक मीटर उंचीचा फरक, ओळी काठाला समांतर. मुळं चांगल्या मातीत २-३ मीटर खोल जातात, पण सावली सोसत नाहीत, म्हणून वाळ्यावर मोठ्या झाडांची दाटी नको. पहिल्या वर्षी गुरं आत गेली तर सगळं संपलं. कुंपणाचे पैसे रोपांच्या पैशांइतकेच धरा. अगदी उभ्या काठाच्या कडेवर मोठं झाड ठेवू नका. वादळात ते पडतं तेव्हा मुळांसकट गाडीभर माती घेऊन जातं.

पलीकडच्या राज्यातली होडी

*खिद्रापूरकडची होडी आमच्या काठाला लागते. तिला इथे वेगळी नोंदणी लागेल का?*
— एक वाचक, जुगूळ

यांत्रिक होडीची २०२१ च्या कायद्याखालची नोंदणी देशभर चालते, राज्य बदललं म्हणून पुन्हा करावी लागत नाही. मात्र काठाला लागण्याची परवानगी आणि स्थानिक वेगमर्यादा त्या-त्या काठाच्या. नदी मध्ये असलेल्या दोन्ही पंचायतींनी एकच वेग आणि एकाच रंगाची पिंपं ठरवून घेतली तर बरं. अर्ध्या पात्रात ६ आणि अर्ध्यात १२ असा नियम कुणीही पाळू शकत नाही.

जाळी आणि मगरी

*आम्ही संध्याकाळी जाळी लावतो. बोटींच्या पंख्यात ती तुटतात. शिवाय काठावर मगरी असतात, बोटीवाले फोटोसाठी जवळ जातात.*
— एक मच्छीमार, ऐनापूर

होड्यांची शेवटची फेरी सूर्यास्ताआधी अर्धा तास संपावी, ही अट मसुद्यात घाला. जाळ्याच्या दोन्ही टोकांना पांढरे डबे बांधा आणि मधला दोर पाण्याच्या पृष्ठभागाखाली किमान मीटरभर उतरवा. लहान आउटबोर्डचा पंखा साधारण अर्धा मीटर खोल फिरतो, तेवढ्याने जाळं वाचतं. होडीवाल्यांनी पंख्याभोवती जाळीचं कडं बसवून घ्यावं, पोहणाऱ्यांसाठीही ते हवंच.

मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा अंडी घालण्याचा काळ. ती पाण्याच्या वरच्या कोरड्या काठात खड्डा करते आणि मादी जवळच राहते. नेमका हाच नौकाविहाराचा हंगाम. मगरी ऊन खात पडतात त्या जागा वन खात्याकडून खुणा करून घ्या, तिथून ५० मीटरच्या आत होडी नेऊ नका, इंजिन बंद करून तरंगत जवळ जाणंही नको. त्या जागांच्या जवळ, दोन्ही बाजूंना धक्का, पोहण्याची जागा किंवा धुण्याचा घाट यांना परवानगी देऊ नये.